‘योजनेत बसत नाही’ म्हणजे नक्की काय बसत नाही?

‘डॉक्टर, ते म्हणाले योजनेत बसत नाही.’

मोठ्या रुग्णालयातून देवरूखला परत आलेल्या पेशंटच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते, पिशवीत रिपोर्ट असतात आणि तोंडात हे एक वाक्य असते. कोण म्हणाले? काउंटरवरचे कुणीतरी. का बसत नाही? ते नाही सांगितले. कागद दिला? नाही. मग रिपोर्ट उघडून आम्ही अंदाज बांधत बसायचे की नेमके काय बसले नाही: आजार, रेशनकार्ड, रुग्णालय, की त्या दिवशी काउंटरवर बसलेल्या माणसाची फुरसत?

हा लेख या वाक्याच्या विरोधात आहे. योजनेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण योजनेवर टीका केली की लगेच ‘म्हणजे तुम्हाला गरिबांना मोफत उपचार नकोत का?’ असा प्रश्न येतो. मला ते हवेत. म्हणूनच लिहितो आहे.

आधी योजना काय आहे ते थोडक्यात. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात, म्हणजे आपल्या रत्नागिरीतही आली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर तिची एकत्र अंमलबजावणी सुरू झाली. २०२३ च्या जुलैतल्या शासन निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाले, उपचारांची संख्या १३५६ झाली आणि पिवळे-केशरी-पांढरे हा कार्डांचा भेद काढून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना योजना खुली करण्यात आली. प्रत्यक्षात हे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. तरीही ‘आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला नाही मिळणार’ असे सांगणारे लोक आजही भेटतात. हे जुने झाले. आता तसे नाही.

पॅकेजमध्ये काय येते तेही लोकांना माहीत नसते. जनरल वॉर्डची खाट, जेवण, सर्जन आणि भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, रक्त, ऑक्सिजन, तपासण्या, औषधे, शरीरात बसवायचे इम्प्लांट, डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे, इतकेच काय, घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेसुद्धा त्यात धरलेले आहे. वरून वेगळे पैसे मागणे नियमात नाही. ज्याने हे लिहिले त्याने पेशंटचा विचार केला होता हे मान्य करायला हवे. एसटीच्या तिकिटापर्यंत विचार पोचलेली योजना पुढे कुठे अडते, हा खरा प्रश्न आहे.

ती अडते फाइलीत.

तुमच्यासाठी रुग्णालय योजनेकडे ‘प्री-ऑथ’ म्हणजे पूर्वपरवानगी मागते. त्यात निदान, रिपोर्ट, तुमचा खाटेवरचा फोटो आणि हवे असलेले पॅकेज जाते. पलीकडे बसलेला डॉक्टर, ज्याने तुम्हाला कधी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही, तो कागद तपासतो. पटले तर मंजुरी, नाहीतर ‘क्वेरी’. तो कशाच्या आधारे तपासतो? प्रमाणित उपचार मार्गदर्शक तत्त्वांच्या, म्हणजे आम्ही ज्याला गाईडलाइन म्हणतो तिच्या आधारे. आयुष्मान भारतसाठी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने पॅकेजवार अशी पुस्तिका केलेली आहे. कोणत्या लक्षणांवर हा उपचार योग्य, परवानगीच्या वेळी कोणते कागद लागतील आणि पैसे मागताना कोणते, हे तिच्यात दिलेले असते.

अशा नियमांची गरज आहे का? नक्कीच आहे. नियम नसले की काय होते ते महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिले. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये चौकशी झाली, तेव्हा पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिथे मुकादमाचा खाडा होता, गरिबी होती आणि ‘पिशवी काढली की कटकट गेली’ असे सांगणारे डॉक्टरही होते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१२ च्या सुमारास सरकारी विमा योजनेच्या पैशांवर हेच घडल्याचे उघड झाले. त्यामुळे गाईडलाइन म्हणजे डॉक्टरच्या स्वातंत्र्यावर घाला, असे म्हणणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंच्या पंगतीत मी बसत नाही. स्वातंत्र्य दिले तेव्हा आपण त्याचे काय केले, हे आधी बीडच्या बायकांना विचारावे.

पण गाईडलाइनला दोन तोंडे असतात. एक तोंड पेशंटकडे असते आणि ते विचारते, ‘या माणसासाठी उत्तम काय?’ दुसरे खजिन्याकडे असते आणि ते विचारते, ‘या फाइलीला पैसे द्यायचे का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याचे म्हणून सांगितले की. ‘याचे पैसे मिळणार नाहीत’ आणि ‘याची तुम्हाला गरज नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. त्याच न्यायाने ‘याचे पैसे मिळतात’ आणि ‘हे तुम्ही करून घ्या’ हीसुद्धा एक नव्हेत. यातला दुसरा गोंधळ जास्त घातक आहे आणि त्याची तक्रार कुणीच करत नाही, कारण मोफत मिळालेल्या ऑपरेशनबद्दल कोण कुरकुरणार?

हृदयाचे उदाहरण घेतो. छातीत एकदम कळ येऊन, घाम फुटून हार्ट ॲटॅक आला असेल तर अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तिथे वाद नाही आणि तिथे हा लेख वाचत बसू नका, १०८ ला फोन करा. देवरूखहून अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत पोचायला जो वेळ जातो तो पाहता गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या ठिकाणी लवकर मिळणे हे अनेकदा जास्त मोलाचे असते, तेही लक्षात ठेवा.

पण चढ चढताना छातीत दुखते, थांबल्यावर थांबते, महिनोन्‌महिने तसेच आहे, अशा स्थिर दुखण्याची गोष्ट वेगळी. त्यावर ‘इस्केमिया’ नावाचा मोठा अभ्यास झाला. ३७ देशांतले पाच हजारांहून अधिक पेशंट त्यात होते आणि निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला चांगली औषधे, दुसऱ्याला औषधे आणि शिवाय अँजिओप्लास्टी किंवा बायपास. काही वर्षांनी पाहिले तर मृत्यूच्या प्रमाणात दोन गटांत फरक नव्हता. ज्यांना वरचेवर दुखत होते त्यांचे दुखणे स्टेंटने जास्त कमी झाले, हा फायदा खरा आहे. मुख्य डाव्या रक्तवाहिनीतला मोठा अडथळा, फार कमकुवत झालेले हृदय, औषधांनी न थांबणारे दुखणे, यांची गणिते निराळी. पण बाकीच्या अनेकांपुढे दोन रस्ते असतात आणि दोन्ही सरळ आहेत. अशा वेळी कोणता निवडायचा हे पेशंटने ठरवायचे असते, आम्ही त्याला नीट समजावून द्यायचे असते.

आता योजना काय करते पाहा. स्टेंटला पॅकेज आहे. दुसऱ्या रस्त्याला, म्हणजे रोजच्या चार गोळ्या, महिन्याला एक फेरी, तंबाखू सोडवण्यासाठी तीनदा बसून बोलणे, याला पॅकेज नाही, कारण त्यासाठी कुणी ॲडमिट होत नाही. डायलिसिस, केमोथेरपी अशा थोड्या गोष्टी सोडल्या तर योजना खाटेभोवती बांधलेली आहे. दारात दोन रस्ते असताना एकावरच डांबर घातले तर माणूस कोणत्या रस्त्याने जाईल? त्याला कुणी फसवलेले नाही. डॉक्टरने लबाडी केली असेही नाही, फाइल शंभर टक्के गाईडलाइनप्रमाणे आहे. तरीही त्या माणसाला निवड मिळालीच नाही. आणि स्टेंट बसवून घरी आल्यावर अकराव्या दिवसापासून ज्या गोळ्या महिनोन्‌महिने चुकवायच्या नसतात (त्या स्वतःहून कधीही बंद करू नका, स्टेंट बंद पडू शकतो), त्यांचे काय? काही उपचारांना फॉलो-अपची पॅकेजेस आहेत, पण त्यासाठीही पुन्हा योजनेतले रुग्णालय गाठायचे. वाडीवरून देवरूखचा स्टँड, तिथून पुढची गाडी, दिवस मोडला. भातलावणीच्या दिवसांत हा दिवस कोण मोडतो?

‘पण डॉक्टर, १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत सगळे मोफत आहे ना?’ आहे, आणि चांगला निर्णय आहे. ग्रामीण रुग्णालयात, आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात, जरूर घ्या. पण साठा संपला, पुढच्या आठवड्यात या, हे उत्तर सरकारी दवाखान्याच्या रांगेत कुणाला नवीन नाही. लाखाच्या स्टेंटची फाइल वेगाने पुढे सरकते आणि दोन रुपयांची गोळी अडते, ही व्यवस्था पेशंटला मध्यभागी ठेवणारी म्हणवत नाही.

पेशंटला मध्यभागी ठेवणारी गाईडलाइन कशी असते ते पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही, खारेपाटणचा पूल ओलांडला की पुरे. भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याची गाईडलाइन एका कागदावर मावते. बीपी इतके असेल तर अमुक गोळी, महिन्याने पाहा, उतरले नाही तर पुढची पायरी. गोळ्यांची नावे आणि डोस ठरलेले, त्यामुळे कोणत्या गोळ्या किती मागवायच्या हे आधी कळते आणि साठा भरता येतो. एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या हातात. बीपी मोजायला आणि नोंद ठेवायला परिचारिका आणि आरोग्य कर्मचारी, डॉक्टरची दर वेळी वाट पाहायची नाही. कोण आला नाही याची यादी आणि त्याला फोन. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, पण मला पुरस्कारापेक्षा त्यातली रचना आवडते. इथेही नियमच आहेत, कडकच आहेत. फरक एवढाच की ते नियम तपासतात ‘बीपी उतरले का’, आणि योजनेची फाइल तपासते ‘कागद जोडले का’.

‘डॉक्टरांना मार्गदर्शन आणि पाठबळ’ असे शब्द सरकारी परिपत्रकांत येतात तेव्हा त्याचा अर्थ असा हवा: गोळ्या कपाटात, परिचारिका टेबलावर, यादी हातात. पोर्टलचे प्रशिक्षण म्हणजे पाठबळ नव्हे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या कोकणातली आहे. विंचू चावून पोरे मरत होती तेव्हा महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून त्यांची नाडी, बीपी, फुप्फुसे पाहत, लिहून ठेवत होते. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून मृत्यू कमी होतात हे दाखवले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांचे निरीक्षण छापले. आज विंचूदंशाच्या उपचारात ती गोळी जगभर माहीत आहे. चांगली गाईडलाइन अशी खाटेपाशी जन्मते. तिला कार्यालयात नेऊन तिचा ‘चेकलिस्ट’ केला की तिच्यातला पेशंट गळून पडतो.

आता खासगी विम्याकडे वळू, कारण आपल्याकडे निम्म्या घरांचा मुलगा मुंबईला. ‘कंपनीची पॉलिसी आहे, आईबाबांना पण कव्हर आहे’ असे चाकरमानी गणपतीला आला की सांगून जातो. पावसाळ्यात आईला ताप भरतो, लेप्टोची शंका असते, जवळच्या छोट्या रुग्णालयात वेळेत उपचार होऊन ती बरी होते. नंतर बिल पाठवले की उत्तर येते: रुग्णालयात दहा खाटा नाहीत, क्लेम नामंजूर. माझ्या पाहण्यात हे वारंवार आले आहे. विमा नियामकाने ठरवलेली रुग्णालयाची व्याख्या मात्र नीट वाचा. तिच्यात म्हटले आहे की रुग्णालय संबंधित कायद्याखाली नोंदलेले असावे ‘किंवा’ त्याने किमान निकष पाळावेत. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात दहा खाटा ही अट त्या निकषांतली आहे. त्या कायद्यांच्या यादीत आपला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. म्हणजे रीतसर नोंदलेले सहा खाटांचे नर्सिंग होमही व्याख्येत बसते. एका ‘किंवा’कडे डोळेझाक केली की संगमेश्वर तालुक्यातले कितीतरी पेशंट बाहेर फेकले जातात, आणि पुढच्या वेळी तीच आई ताप अंगावर काढत नेटवर्कमधल्या दूरच्या रुग्णालयाची वाट धरते. लेप्टोमध्ये तो एक दिवस मूत्रपिंडे खातो.

याच विम्याची दुसरी बाजू: ‘डॉक्टर, एक दिवस ॲडमिट दाखवा ना, तपासण्यांचे पैसे निघतील.’ चोवीस तास खाटेवर असल्याशिवाय बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत, म्हणून चांगली माणसे खोटे बोलायला शिकतात. मी नाही म्हणतो आणि काही जण रागावून जातात. फक्त तपासणीसाठी ॲडमिट झालात तर तेही पॉलिसीत चालत नाही, उलट तुमच्या नावावर नसलेला आजार कायमचा चिकटतो. पण चीड येते ती पेशंटची नाही. बाहेरून तपासलेल्या माणसाला दमडी नाही आणि विनाकारण खाट अडवलेल्याला सगळे, असा नियम करणाऱ्याला लबाडीचे नवल वाटू नये.

आणि आम्ही डॉक्टर? आम्हाला ही ढाल फार सोयीची झाली आहे. ‘योजनेत बसत नाही’ म्हटले की पुढचे समजावणे वाचते. पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, क्वेऱ्यांना उत्तरे देण्यात संध्याकाळ जाते, हे सगळे खरे आहे आणि त्यासाठी डॉक्टरांनी सरकारशी भांडायलाच हवे. पण ते भांडण पेशंटच्या खाटेवर खेळायचे नसते. काय बसते, काय नाही, का नाही आणि आता पर्याय कोणते, ही चार वाक्ये मराठीत सांगायला पाच मिनिटे लागतात. १९९० च्या दशकात पुराव्यावर आधारित वैद्यकाची मांडणी झाली तेव्हाच डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधनाच्या जोडीला डॉक्टरचा अनुभव आणि पेशंटची निवड धरली होती. आम्ही संशोधन फाइलीला जोडतो, अनुभव मिरवतो आणि पेशंटची निवड विसरतो.

माझे म्हणणे तसे छोटे आहे. पूर्वपरवानगीच्या फॉर्मवर रक्तगट, आधार, फोटो, सगळे आहे. त्यात आणखी दोन रकाने हवेत: पेशंटला कोणते पर्याय सांगितले, आणि त्याने काय निवडले. नाकारायचे असेल तर कारण, नियमाचा क्रमांक आणि ठरवणाऱ्याचे पद मराठीत छापून पेशंटच्या हातात. खासगी विम्याला हे बऱ्याच अंशी लागू झालेच आहे. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय, डिस्चार्जच्या वेळची मंजुरी तीन तासांत, उशिरामुळे वाढलेले बिल कंपनीवर, आणि क्लेम नाकारला तर पॉलिसीतल्या नेमक्या कलमाचा उल्लेख बंधनकारक. सरकारी योजनेने खासगी कंपनीपेक्षा मागे राहावे, हे काही बरे दिसत नाही.

हे होईपर्यंत तुमच्या हातात काय आहे? योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा. ‘बसत नाही’ म्हटले की शांतपणे म्हणा, ‘एवढे कागदावर लिहून द्या.’ कित्येकदा लिहायची वेळ आली की बसत नसलेले बसू लागते. हेल्पलाइन १५५३८८ आणि १८०० २३३ २२००, मोबाइलमध्ये आत्ताच साठवून ठेवा. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत (२०२३ च्या निर्णयात ते ११९ होते), त्यामुळे ‘इथे बसत नाही, पण कुठे बसते?’ हा पुढचा प्रश्न विसरू नका. आपल्या उपचाराच्या कागदपत्रांची प्रत मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरला बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क रुग्ण हक्क सनदेत आहे, आणि ती सनद २०२१ पासून राज्यातल्या शुश्रूषागृहांनी दर्शनी भागात लावायची आहे. नसेल तर ‘कुठे लावली आहे?’ असे विचारा. विमा कंपनीने नाकारले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मुंबईच्या मुलाला एवढे काम द्या, त्याला ईमेल लिहिता येते.

आणि ऑपरेशन ‘बसते’ असे कळले, तरी सही करण्याआधी डॉक्टरला एवढे विचारा: हे केले नाही तर काय होईल, आणि याऐवजी दुसरे काय करता येईल? उत्तर मिळेपर्यंत पेन हातात घेऊ नका.